जावळाची घोंगडी

आमच्या मालकांनी सरकारी फार्मवरून मऊ लोकरीचा मेंढा आणला तेव्हा भावकी हसली होती. मटणालाही चांगला आणि लोकरीलाही, असं फार्मवाले म्हणाले. मटणाचं सगळ्यांना पटलं. लोकरीला आता शेवगावात कुत्रं विचारत नाही. कातरणारे ढीग बांधावर टाकून मोकळे होतात. मी मात्र त्या मेंढ्याच्या कोकरांची पहिली कातरण, जावळ म्हणतात ती, पिशवीत भरून ठेवत गेले. लोकर धुण्यात माझा हात धरणारं वाडीत कुणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

माझ्या लेकीला, मोनिकाला, लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले. ती सावेडीहून बाळंतपणाला आमच्याकडे आली. मी टकळीवर सूत काढलं आणि विणकराकडून लहानशी घोंगडी विणून घेतली. चिंचोक्याची खळ लावू नका म्हटलं, कडक होऊन बाळाला टोचेल. मुलगी झाली. त्या घोंगडीत ती अकरा दिवस निजली. बाराव्या दिवशी बारसं होतं. सकाळी मोनिका पाजायला उठली तर अंग गार पडलेलं. नाव ठेवायचंच राहिलं.

मोनिका रडली नाही. घोंगडी नाकाशी धरून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाजायला कुणी नव्हतं आणि दूध थांबत नव्हतं, तिचा गाऊन भिजत होता. मला काही सुचेनासं झालं की मी धुणं काढते. तिसऱ्या दिवशी घर सारवलं, अंथरुणं काढली. मोनिका न्हाणीत होती तेवढ्यात घोंगडीही घेतली. आंबूस वास येत होता तिला. रिठ्याच्या कोमट पाण्यात दोनदा खळबळून काढली आणि कुंपणावर टाकली. लेकीला बरं वाटेल, असं खरंच वाटलं मला.

मोनिका न्हाऊन आली ती मेंढरांच्या जाळीपाशी थांबली. मालक मेलेल्या कोकराचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधत होते. परक्या पिल्लाला मेंढी जवळ येऊ देत नाही; आपल्या पिल्लाचा वास आला तरच पाजते. मेंढीने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि त्याला पिऊ दिलं.

"तात्या, तिला खरं वाटतंय?" मोनिकाने बापाला विचारलं; तीन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"वास हाय ना, बाई. वास हाय तवर तिचंच पिल्लू हाय."

मोनिका भरभर घरात गेली. अंथरूण उलथंपालथं करून तशीच बाहेर आली. तिला कुंपण दिसलं. ओली घोंगडी तिने तोंडाला लावली. मग उलटी करून, मग काठ, मग चारी कोपरे. मघाशी मेंढी हुंगत होती तशी.

नव्या कोकराला हात लावू नका, आई वळखायची न्हाई, असं आल्यागेल्यावर ओरडणारी बाई मी. चाळीस वर्षं मेंढरांत काढली आणि पोटच्या पोरीचं मला कळलं नाही.

"गोजर, काय केलंस हे?" मालक मला म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोनिकाने घोंगडी नीट झटकली, परत वाळत घातली.

"लई स्वच्छ निघाली, आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मी काही तरी बोलले असते.

धुण्याचं पाणी अजून घमेल्यात होतं. गढूळ, वर रिठ्याचा फेस. नातीचं जे काही उरलं होतं ते त्यात होतं. मला ते ओतवेना. शेवटी मालकांनी घमेलं उचललं आणि बांधावर जिथं तिला पुरलं होतं तिकडे निघाले, थेंबही सांडू न देता. मोनिका त्यांच्या मागोमाग गेली.

मला कुणी चल म्हणालं नाही.