खरे तीनशे वॅट

गणपतराव दुकानात शिरले तेच बोलत. "क्रांती, पलीकडच्या पेठंच्या मशीनला पाचशे वॅटचा पावर सप्लाय हाय म्हणं. आपल्याला सहाशेचा बसीव!"

गणपतराव आमच्या तालमीचे, म्हणजे पेठेतल्या मंडळाचे, सेक्रेटरी. एकेकाळी त्यांनी फुटबॉलचं मैदान गाजवलं होतं. आता पोट सुटलंय, आवाज मात्र तोच आहे. मी शिवाजी पेठेत कॉम्प्युटर जोडून विकते. २००७ साली पेठेत हे काम करणारी मी एकटीच बाई होते, आणि "पोरीनं जोडलेलं मशीन टिकतंय व्हय?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या वर्षी तालमींनी कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलचीही स्पर्धा भरवली. फायनल आमची आणि पलीकडच्या पेठेची. कुणाचं मशीन वापरायचं याची चिठ्ठी टाकली, ती आमच्या नावाची निघाली. स्कूटरवर मांडीत धरून नेता येईल एवढं छोटं, पण गेम दणक्यात चालवील असं मशीन मला बनवायचं होतं. खेळणार होता माझा धाकटा भाऊ, विजयसिंह. आणि नियम असा की मध्येच मशीन बंद पडलं तर सगळे गोल रद्द, मॅच पुढच्या रविवारी शून्यापासून. हॉलमध्ये जनरेटर होता, त्यामुळं लाइट गेली हे कारणही चालणार नव्हतं. बंद पडलं की सगळी पेठ एकच नाव घेणार होती, माझं.

"काका, सहाशे कशाला?" मी म्हटलं. "प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे, सगळं जोरात चालू असताना हे मशीन दोनशेच्या आसपास खातंय. मीटर लावून बघितलंय मी. वर थोडी जागा ठेवायची. तीनशे बास. पण ते खरं तीनशे पाहिजे."

"त्यांचं पाचशे आन् आपलं तीनशे? मी पेठंत तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बाजारातून एक सप्लाय घेऊन आले. त्यावर सोनेरी अक्षरांत सहाशे. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. बाजूचा बारीक मजकूर वाचला. कार्ड आणि प्रोसेसर ज्या बारा व्होल्टच्या लाइनवर जगतात, तिथं याची ताकद माझ्या तीनशेवाल्यापेक्षाही कमी होती. शिवाय तो मशीनच्या छोट्या पेटीत मावत नव्हता. झाकण उघडं ठेवावं लागलं असतं.

"काका, ह्यो आकडा नुसता स्टिकरवर हाय. ह्योच बसवायचा असला तर मशीन दुसऱ्याकडनं जोडून घ्या."

"आन् तुझं बंद पडलं म्हंजे?"

"तर दुकानाला कुलूप लावून घरात बसते!"

माझी जीभ नेहमीच माझ्या आधी धावते. पण बोलले ते बोलले. आठवडाभर झाकण बंद करून मशीनवर गेम चालू ठेवला आणि दुपारच्या उन्हात पेटीवर हात ठेवून बसले. पेटी तापायची, पण मशीन थांबत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, हेच न्यायचं.

फायनलला हॉल गच्च भरला होता. हलग्या वाजत होत्या, शिट्ट्यांनी कानठळ्या बसत होत्या. मी टेबलाच्या कडेला, वायरींजवळ खुर्ची टाकून बसले होते. पलीकडच्या पेठेचा सोमेश पट्टीचा खेळाडू निघाला. दुसरा हाफ संपत आला तेव्हा ते तीन, आम्ही एक. विजयसिंहचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि बोटं बटणांवरून सटकत होती.

गणपतराव वाकून माझ्या कानाशी आले. "क्रांती, वायर जरा पायानं ढकल."

"काय?"

"नुसती ढकल. मशीन बंद पडलं म्हणू. रविवारी परत खेळू. तुझी चूक न्हाय, सप्लायच खराब निघाला, असं मी सांगतो समद्यास्नी. तालमीचं काम जन्मभर तुझ्याकडंच!"

मी भावाकडं बघितलं. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलेलं. तो हरताना मला बघवत नव्हतं. वायर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर होती, आणि कुणालाही काही कळलं नसतं. पण मग त्या तीनशे वॅटला कायमचा खोटेपणा चिकटला असता. मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, मांडी घालून बसले आणि भिंतीतला प्लग हातानं दाबून धरला.

"काका, हे मशीन बंद पडणार न्हाय."

"तू आपल्या पेठंची हायस का न्हाईस?"

"हाय की. म्हणूनच."

विजयसिंहनं शेवटी एक गोल मारला. तरी तीन-दोन. हरलो. पलीकडच्यांनी सोमेशला खांद्यावर घेतलं. आमची माणसं माझ्याकडं न बघता जिन्याकडं निघाली. गणपतराव जाताना मोठ्यानं म्हणाले, "घरचीच उलटली!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन शेवटपर्यंत चाललं याचा आनंद होता, आणि तो वाटून घ्यायला जवळ कुणीच नव्हतं याचं वाईट वाटत होतं.

विजयसिंह माझ्याजवळ येऊन फरशीवरच बसला. "आक्का, मला दिसत हुतं. काका तुझ्या कानाला लागले, तवापासनं माझं ध्यान तुझ्या पायाकडंच हुतं."

"ढकलायला पाहिजे हुती व्हय मी?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"ढकलली असतीस तर रविवारी मी आलोच नसतो," तो म्हणाला. मग त्यानं मशीन उचलून खांद्यावर घेतलं, आणि मागच्या दारानं न जाता, सगळी पेठ उभी होती त्या पुढच्या दारातून माझ्याबरोबर बाहेर पडला.