अर्धी विणलेली बाज

मित्रांनो, खारबावहून आलेले एक पत्र चैत्रापासून माझ्या उशाशी पडून आहे आणि आज सकाळपर्यंत त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र मला आलेले नाही, रवींद्रला आले आहे. पण त्यातला विषय मीच आहे, म्हणून काळजी मला जास्त.

मी एक जुनी बाज आहे. चार खूर, कडेचे दोन लांब दांडे म्हणजे गाते, दोन आखूड आणि मध्ये सुताच्या दोरीची वीण. माझा मुक्काम अंजूर गावात, रवींद्रच्या घराच्या ओटीवर. समोर पूर्वी भाताची खाचरे होती. आता गोडाउनांचे निळे पत्रे आहेत आणि ऊन त्यांच्यावरून उसळून थेट माझ्या अंगावर येते. रवींद्र शाळेत कारकून होता. आता निवृत्त झाला आहे. चष्मा कपाळावर आणि पुस्तक छातीवर ठेवून तो दुपारभर माझ्यावर पडतो. गावातले लोक त्याला अहो-जाहो करतात. मला ते जमत नाही, कारण मी त्याला रांगताना पाहिले आहे.

पत्र त्याच्या मोठ्या बहिणीचे, धोंडूबाईचे. तिला आता फोनवरचे काही ऐकू येत नाही, म्हणून ती लिहिते. टपोरी अक्षरे, आणि एक शब्द जास्तीचा नाही. रवींद्रने ते मोठ्याने वाचले तेव्हा मी ऐकले:

"रवी, नात रंजिता बाळंतपणाला आली हाय. वैशाख पुनवेनंतर कधीपण मोकळी होईल. आईची बाज पायजे. नीट विणून आण. तू पण ये."

आमच्या घराण्यातले प्रत्येक बाळ पहिल्यांदा माझ्यावर निजले आहे. धोंडूबाई निजली, रवींद्र निजला, त्याचा विकी निजला. तेव्हा यात नवल काही नव्हते. अडचण 'नीट विणून' या दोन शब्दांत होती. माझी मधली दोरी इतकी सैल झाली होती की माझी झोळीच झाली होती. अशा झोळीत बाळ कसे ठेवायचे?

मित्रांनो, मी अशी नव्हते. खारबावला या दोघांच्या वडिलांनी, कोंडूने, मला घडवले. कोंडू भिवंडीत लूमवर कामाला होता. कापडाच्या कडेला सुताची जी पट्टी वाया जाते, ती तो शिफ्ट सुटल्यावर पिशवीत भरून आणी. अंगणात एक टोक धोंडूबाईच्या हाती, दुसरे रवीच्या हाती. दोघांनी उलट्या दिशांनी पीळ देत मागे मागे सरकायचे. दोरी तयार होईपर्यंत एक जण विहिरीपाशी पोहोचलेला असे आणि दुसरा गोठ्यात. तिथून ते एकमेकांना वाकुल्या दाखवत.

दर वैशाखात माझी वीण उसवून मला नव्याने विणायचे, अशी घराची रीत होती. त्याला दोन माणसे लागतात, दोन्ही गात्यांशी एकेक. रवी एका बाजूला बसून दोरी ओढून धरी. धोंडूबाई समोर बसून ती खालून वर, वरून खाली काढी, आणि माझ्या अंगावर शंकरपाळ्यांसारखे चौकोन उमटत.

"ताई, आता कुठून काढतेस?" रवी विचारी.

"तू निस्ता ओढ. कुठून काढायची ता मला ठाव हाय."

"मग मी काय करू?"

"तू वाच."

धोंडूबाईला शाळेत घातले नव्हते. रवी एका पायाने दोरी दाबून धरी आणि मांडीवरचे पुस्तक मोठ्याने वाची. मग ती दोरी सोडून विचारी, "ह्यो 'ध' कसा काढायचा?" रवी माझ्या गात्यावर कोळशाने काढून दाखवी. असे करत, मला विणता विणता, ती लिहायला शिकली. तिच्या त्या टपोऱ्या अक्षरांची मुळाक्षरे माझ्या लाकडावर गिरवलेली आहेत.

वीण घट्ट झाली की त्याच दुपारी आई माझ्यावर जुने लुगडे अंथरून फेण्या वाळत घाली. तांदूळ भिजवून, आंबवून, वाटून त्याचे पातळ पीठ. त्यात जिरे, मीठ. ताटलीवर पसरून वाफवायचे आणि अलगद सोलून उन्हात टाकायचे. राखण करायला मुलांना बसवत, आणि अर्ध्या ओल्या फेण्या राखणदारांच्याच पोटात जात. पुनवेला खीर होई. पुढच्या दारी निळ्या-पांढऱ्या पताका लागत, घरात बुद्धवंदना होई, आणि खिरीची वाटी घेऊन दोघे भावंडे माझ्यावर मांडीला मांडी लावून बसत. ते वजन मला अजून आठवते.

पुढे धोंडूबाई गावातल्या गावातच सासरी गेली, आईवडील गेले, आणि रवींद्र मला घेऊन नोकरीपायी अंजूरला आला. त्याची बायको कलावती. लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात धोंडूबाईने येऊन तिला समोरच्या बाजूला बसवले आणि सगळी वीण शिकवली. रवींद्र आपल्या बाजूला ओढत बसला. कलावती त्याला चिडवी, "कपाटभर पुस्तकं हायेत, पण बाजेचं एक बी न्हाय." तो हसे आणि ओढे.

कलावती गेली. त्यानंतर मला कोणी विणले नाही.

मला भंगारात घाला असे कुणी म्हटले नाही. रवींद्र मला रोज पुसतो, वर चादर घालतो. पण चादरीखाली मी वर्षागणिक खाली जात राहिले.

परवा सुनेने, रियाने, फेण्या घातल्या. हौसेने मला विकीकडून गच्चीवर नेले, कलावतीचे पातळ अंथरले आणि एकेक फेणी मांडत गेली. दुपारी वर येऊन पाहते तर सगळ्या फेण्या घसरत घसरत माझ्या मधोमध गोळा झालेल्या.

"बाबा," ती जिन्यातून म्हणाली, "फेण्यांचा लाडू झाला."

विकी हसला. रवींद्र हसला नाही. संध्याकाळी त्याने मला ओटीवर घेतले आणि सगळी दोरी सोडवली. मी नुसती चौकट उरले. मग तो आपल्या नेहमीच्या बाजूला बसला आणि विणू लागला. त्याच्या बाजूची वीण सुरेख उतरली. अर्ध्यावर आल्यावर तो उठून समोर गेला, तिथे बसला, आणि त्याचे हात थांबले. थोडे काढले, ते तिरके गेले. ओढले, तर माझा एक खूर जमिनीवरून उचलला गेला. उसवून पुन्हा केले. पुन्हा तो खूर अधांतरी.

रिया कैऱ्या चिरत पाहत होती. "बाबा, तिकडे बसूनपण तुम्ही इकडच्यासारखंच करताय."

"मला इकडचंच येतं."

"आणि तिकडचं?"

"तिकडे आधी ताई असायची. मग तुझी सासू. मी कधी विचारलंच नाही." तो दोरीकडे बघत राहिला. "विचारलं की ताई म्हणायची, तू वाच."

"मग आत्यांना कळवलंत का?"

"लिहायला घेतो, मग फाडतो. प्रकृती, ऊन, पाणी, सगळं लिहून होतं. बाजेपाशी आलो की अडतं. तिला 'ध' मी शिकवला. आता तिलाच कसं लिहू, की मला विणता येत नाही?"

"असंच लिहा. उगाच दुसरं काही घालू नका." रियाने विळी बाजूला केली. "नाहीतर थांबा, मी रंजिताला व्हॉट्सअ‍ॅप टाकते. ती दाखवेल त्यांना."

"नको. ताईनं पत्र लिहिलंय."

"तिकडे पोरगी केव्हा मोकळी होईल नेम नाही, आणि तुमचं पत्र पोस्टानं जाणार," विकी ड्युटीवर निघता निघता म्हणाला. "तारीख काय ती ठरवून टाका. रविवारी छोटा टेम्पो रिकामाच असतो."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काहीतरी असेल. पाट, सूप, गोधडी, जाते. ते पुसता, जपून ठेवता, ते चांगलेच. पण ते ज्यांना घडवता येते, दुरुस्त करता येते, त्यांच्या समोर नेहमी एकाच जागी बसू नका. एकदा उठून त्यांच्या बाजूला जा. "कुठून काढायची?" असे विचारा, आणि "तू वाच" म्हणाले तरी हटू नका. ते हात असेतोवरच ते जमते. मी लाकूड आणि सूत आहे, मी कितीही टिकेन. पण माझी दुसरी अर्धी बाजू आज एका म्हातारीच्या हातात आहे आणि ती खारबावला वाट बघते आहे.

आज सकाळी रवींद्र माझ्या विणलेल्या अर्ध्या भागावर बसला, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर आंतर्देशीय पत्र. या वेळी ते फाडले नाही. लिहून झाल्यावर त्याने जसे धोंडूबाईचे वाचले होते तसे आपलेही मोठ्याने वाचले.

"ताई, बाज विणलेली नाही. मला फक्त माझीच बाजू येते, हे आजवर बोललो नाही. अर्धी विणून आणतो. उरलेली तू विण, आणि मला शेजारी बसव. पुनवेआधीच्या रविवारी विकीच्या टेम्पोतून येतो. दोरी आहे. रवी."

तो उठला. चपला उलट्या घातल्या, पुन्हा सुलट्या केल्या आणि रस्त्यापलीकडच्या लाल पेटीकडे निघाला. मला ओटीवरून सगळे दिसत होते. पेटीच्या तोंडाशी पत्र धरून तो थांबला, उघडून पुन्हा वाचू लागला. तेवढ्यात गोडाउनकडे वळणारा एक कंटेनर त्याच्या पाठीशी येऊन ठेपला आणि ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

एरवी रिक्षासुद्धा आली तर अंग चोरून कडेला होणारा हा माणूस. त्याने मागे न पाहता नुसता हात वर केला. कंटेनर थांबून राहिला. रवींद्रने पत्राची घडी घातली, डिंकाच्या कडा जिभेने ओल्या करून चिकटवल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या, आणि पत्र पेटीत टाकले.