भागोजींचा बँजो

सरकून या, श्रोतेहो, थेट गादीपर्यंत या. गोष्ट लहानशीच आहे, पण खांद्याला खांदा लागल्याशिवाय ती सांगता येत नाही.

चिपळुणाकडच्या सीताराम घवाळींच्या घरी नवा बँजो आला की त्यांची खोली एका बँजोइतकी लांबायची. एकेचाळीस झाले होते. फणसाच्या लाकडाचे, पत्र्याच्या बटणांचे, एकाला तर टाइपरायटरची बटणं. सीताराम या टोकाला, चूल त्या टोकाला. मंदाकिनीबाई चहा घेऊन निघाल्या की पोचेपर्यंत त्यावर साय धरायची.

“अहो, आता बास! आणखी एक आणलात तर चहा टपालानं पाठवीन.”

“पाठव. पण असा संग्रह जिल्ह्यात दुसरा दाखव!”

नव्हताच हो दुसरा. खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी यमुनाकाकू पाष्टे आल्या. पदराखाली नवऱ्याचा बँजो. भागोजी पाष्ट्यांनी चाळीस वर्षं कीर्तनाला साथ केली. बुवांचा आवाज चढला की त्यांचा बँजो खालून हात द्यायचा. बटणांवर त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते.

“सीतारामा, रीत ठाऊक आहे ना? गेलेल्याचं वाद्य आधी वाजवायचं, त्याचं नाव घ्यायचं. पुसायचं नंतर.”

“काकू, हे मला सांगता?”

एकेचाळीस बँजोंच्या मालकाला वाजवता येत नसेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सीतारामांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. काकू वळल्या तशी त्यांनी खोबरेल घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि बटणं लख्ख पुसली.

चारही खळगे फडक्यात उतरले. कोमट होते.

खोली लांबू लागली ती थांबेचना. चुलीसकट मंदाकिनीबाई मागे मागे गेल्या. अंगठ्याएवढ्या झाल्या, मग तिळाएवढ्या.

“अहो, वाजवा काहीतरी!”

“मला येत नाही, मंदा.”

वाक्य तिथवर पोचायला वेळ लागला. मग लांबून हसू आलं.

“ते मला लग्नापासून ठाऊक आहे! वाजवा तरी!”

सीतारामांनी फडकं बटणांवर अंथरलं, खळग्यांत बोटं ठेवली, उजव्या हाताने तार छेडली आणि म्हणाले, “भागोजी पाष्टे.”

बोटांना वाट सापडली. भिंतीवरचे एकेचाळीस आपसूक साथीला लागले. सीतारामांच्या छातीला फुगायची सवयच होती. आज ती दुसऱ्याच्या बोटांसाठी फुगली. खोली मागे येऊ लागली. तीळ अंगठा झाला, अंगठ्याची बाई झाली आणि वाफाळता चहा घेऊन समोर बसली. सूर ऐकून परतलेल्या काकू दारातून म्हणाल्या, “हेच! अस्सेच वाजवायचे ते!” आणि ताठ मानेने घरी गेल्या.

खोली मात्र येतच राहिली. बँजो बँजोला टेकले. भिंत पाठीला लागली. मंदाकिनीबाईंचा गुडघा सीतारामांच्या गुडघ्याला भिडला.

“थांबवा की आता.”

“थांबलो तर तू पुन्हा लांब जाशील.”

“मग नका थांबू,” त्या म्हणाल्या. कप ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी तो सीतारामांच्या ओठांना लावला.

आता ती खोली एका बँजोएवढी आहे, इथेच या गादीशेजारी. उठताना भागोजी पाष्ट्यांची आठवण काढा, श्रोतेहो, आणि त्यांचं नाव मोठ्याने घ्या. आत दोघं भिंतीला कान लावून आहेत.