कुडव्याच्या छत्रीतला आवाज

२००९ सालच्या त्या रविवारी भर दुपारी गोंदियाजवळच्या कुडव्याच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध केबलवाल्यांची जुनी लोखंडी छत्री आभाळाकडे तोंड करून बसवलेली, तिला झेंडूचा हार. शेजारी चमचमता झगा घालून मुन्नालाल उभा. दोन वर्षांपूर्वी हा गृहस्थ गोंदियात टीव्ही दुरुस्त करायचा. आता तो तारामहाराज झाला होता.

“भाइयो, बहनो! तारे दिन में भी रहते हैं, सिर्फ दिखते नहीं! ऊपर हमसे हजार गुना होशियार लोग हैं. अपने मरे हुए उन्हीं के घर जाते हैं. शांती रखिए, सिग्नल पकड रहा हूँ!”

सिग्नल पकडायचा म्हणजे छत्रीला दोन चापट्या मारायच्या. तेवढ्यावर लोक हात जोडायचे. मला हसू यायला हवं होतं, पण पुढच्याच रांगेत कुसुमबाई बसली होती, मांडीवर पाच वर्षांची पिंकी.

कुसुमबाईची थोरली अल्का माझ्या सातवीच्या वर्गात होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. उन्हाळ्यात ताप आला आणि तीन दिवसांत पोर गेली. तिनंच एकदा मला विचारलं होतं, “सर, दुसऱ्या ताऱ्यांजवळ आपल्यासारखे लोक असतील का जी?” मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, “असतील ना बेटा! एवढं मोठं आभाळ रिकामं कशाला राहील?” तिनं ते घरी जाऊन आईला सांगितलं. पोर गेल्यावर त्या माउलीनं माझं तेच वाक्य घट्ट धरून ठेवलं. मुन्नालालचं दुकान माझ्याच शहाणपणावर चाललं होतं म्हणा ना.

पिंकीलाही तोच आजार. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिलेल्या. पण महिन्याभरापूर्वी छत्रीतून ‘अल्का’ बोलली होती, “माय, पिंकीच्या गोळ्या बंद कर, छत्रीखालचं पाणी पाज.” कुसुमबाईनं तसंच केलं. आता पिंकीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि ती कण्हत होती. “हिला दवाखान्यात नेऊ,” असं मी तीनदा घरी जाऊन सांगितलं. “अल्का नाई म्हणते,” एवढंच उत्तर.

छत्रीला बांधलेला भोंगा खरखरला. “माय, मी अल्का.”

“बाई माझी! काय खातेस वो तितं?”

“ज्वारीची भाकर खाते, माय.”

मी दचकलोच. धानाच्या मुलखातली पोर ती! तिच्या डब्यात मी भाताशिवाय काही पाहिलं नव्हतं. कुसुमबाईजवळ वाकून म्हटलं, “अवो, अल्का अन् ज्वारीची भाकर?”

“वरते धान पिकत नसन, सर. जे भेटन थे खाऊन राहिली बिचारी.”

मला राग आला. उठलो आणि ओरडलो, “महाराज, सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत सिग्नल पोचायला चार वर्षं लागतात. उत्तर यायला आणखी चार. तुमचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं, हे कसं?”

“ये विश्वास की बात है, मास्टर! बैठ जाओ!” असं म्हणून मुन्नालालनं भोंगा बंद केला.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आणलेल्या बिनतारी माईकवरची गाणी शिपायाच्या रेडिओवर वाजली होती, ते मला आठवलं. मी मोबाईलचा एफएम लावला, स्टेशन सरकवत गेलो आणि आवाज मोठा केला. भोंगा बंद होता, पण ‘वरती’ माईक बंद करायचं कोणीतरी विसरलं होतं. साऱ्या मैदानासमोर अल्का म्हणाली, “मुन्ना, चाय भेज ना. गला सूख गया.”

माईक जवळच कुठेतरी असणार हे ओळखून लोक मैदानामागच्या टिनाच्या खोलीकडे धावले. आत मुन्नालालची अकोल्याकडची, ज्वारीच्या मुलखातली भावजय माईक धरून बसलेली. तिच्या मांडीवर चिठ्ठी: अल्का, सातवी, सिकल, बहीण पिंकी. शेजारणींशी बोलून जमवलेली माहिती. मुन्नालालला लोकांनी धरलं, शिव्या घातल्या. कोणी तर पोट धरून हसलं.

कुसुमबाई गर्दीतून वाट काढत आत आली. तिनं माईक पाहिला, चिठ्ठी पाहिली. वाटलं, आता ही त्या बाईच्या झिंज्या धरणार. ती तिच्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, “एकदा अखीन बोल ना वो बाई. तसंच माय म्हण.”

भावजय मान खाली घालून रडायला लागली.

मी पिंकीला उचललं. मोटारसायकलवर मागे कुसुमबाई, मध्ये पोर. दवाखान्यात रक्त चढवलं, पिंकी वाचली. बाकावर बसून कुसुमबाईनं विचारलं, “मंग वरते कोणीच नाई, सर?”

“असतील कोणी. मला माहीत नाही, अजून कोणालाच माहीत नाही. पण आपली अल्का तिथं नाही, कुसुमबाई.”

ती त्या दिवशी, पोर गेल्यानंतर पहिल्यांदाच, मोठ्यानं रडली. मीही रडलो, लाज कशाची?

बाबांनो, आभाळात कोणी आहे का, हे खुशाल विचारा. माहीत नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. आत्ताच बोलणं करून देतो म्हणणाऱ्याची वायर तपासा. आणि कोणाचाही आवाज आला, अगदी आपल्या गेलेल्या लेकराचा आला, तरी जित्या लेकराचं औषध बंद करू नका.