शिंदीच्या खाचा

पैज अशी लागली: नाल्यातल्या जुन्या शिंदीवर बारापेक्षा जास्त खाचा निघाल्या त मालगुजार गणपतरावानं सीताबर्डीच्या बाजारात अर्धी मिशी उतरवाची. कमी निघाल्या त माही. माही मिशी तशीबी उंदरानं कुरतडल्यावानी, म्हणून मी हसत हसत हो म्हणलं. गणपतराव माहा शेजारी, त्याच्या मिशीवर माहा जुना डोळा.

भांडण कवडूचं होतं. कामठीच्या वाटेवर नाल्यात शिंदी आपोआप उगवते. आधी कवडूचा बाप, मंग कवडू, तिले छेदून रस काढत आले. आता गणपतरावाले ती झाडं ठेकेदाराले द्याची होती. गणपतराव म्हणे, कवडू त कालपरवा आला. बारा वर्षांवरचा पुरावा दाखव, झाडं तुही. कवडूपाशी कागद कुठला? पण शिंदी एका सालात एकाच जागी छेदतात, दुसऱ्या साली त्याच्या वर, अन् दरेक खाच खोडावर जन्मभर राह्यते. म्हणून सगळ्यात जुनं झाड मोजाचं ठरलं.

सकाळी पंचायले घेऊन गेलो त झाड आडवं. बुडाशी ताज्या ढलप्या. गणपतराव घोडीवरून म्हणे, वाऱ्यानं पडलं. वाऱ्याले कुऱ्हाड कोणं देली, हे मी इचारलं नाही. वरच्या छेदातून रस अजून ठिबकून राहिला होता, त्याले मुंग्या लागल्या होत्या. कवडू मडकं सोडवाले गेला अन् तसाच खाली बसला.

गणपतरावानं घोडीवरूनच मोजलं. "नऊ. बोलवा न्हाव्याले."

"खाली उतरा, मालक," मी म्हणलं. "दरसाल एकाच अंगाले छेदलं असतं त झाड कवाच मोडलं असतं. एक साल या अंगाले, एक साल त्या अंगाले."

कवडू उठला. पलीकडच्या अंगावर एकेका खाचेत बोट ठेवत गेला. आठ. नऊ अन् आठ सतरा. उभ्या झाडावर चढून मोजा लागलं असतं. या शहाण्यानं ते आमच्या गुडघ्यापाशी आणून ठेवलं. एरवी मी लोळून हसलो असतो. पण सतरा साल बापलेकानं जीव राखून छेदलेलं झाड, अन् यानं एका मिशीपायी पाडलं. मी घोडीचा लगामच धरला. पंच बोलेपर्यंत सोडला नाही. उरलेली झाडं कवडूची, ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी गणपतराव म्हणे घरीच उतरवतो. मी हाताले धरून आणला. न्हाव्यानं वस्तरा फिरवला तशा भिवापूरच्या मिरचीवाल्या टोपल्या सोडून उभ्या राहिल्या. गणपतरावानं तोंडावर उपरणं घेतलं.

"उपरणं काढा, मालक," कवडू म्हणाला. "लोकायले दिसू द्या."

गणपतरावानं काढलं.