दादाचा आवाज बंद होता तेव्हा

मी एक पवित्र शास्त्र बोलतोय, म्हणजे बायबलची एक प्रत. दचकू नका, उपदेश करणार नाही. माझ्या नावावर उपदेश करणारे जगात कमी नाहीत. मी फक्त माझी हकिकत सांगणार आहे, आणि तीही आवरती घेऊन. माझी जाडी बघूनच माणसं आधी घाबरलेली असतात.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी फार देखणा होतो. काळं चामडी आवरण, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, आत तांबडी रेशमी फीत. बांधणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा काही कुणी वाचायचा नाही गं. हा भेट द्यायचा माल आहे."

बाईंचं बोलणं खरं ठरलं. एका चर्चच्या मंडळीने मला विकत घेतलं आणि दादाला भेट दिलं.

दादा म्हणजे बसस्थानकावरचा उद्घोषक. कुठली बस कितव्या फलाटावर लागली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी सापडली, हे सगळ्या स्थानकाला सांगणारा आवाज त्याचा. सहकारी त्याला पाठीमागे 'भोंगा' म्हणत, कधीकधी समोरही. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये शास्त्रवाचन करी. भरदार, घुमणारा, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही जागं करणारा. पंधरा वर्षं असं वाचन केल्याबद्दल त्याला मी मिळालो.

घरी आल्यावर माझी जागा ठरली: बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, कॅरमच्या चषकाशेजारी. शनिवारी संध्याकाळी दादा मला काढायचा, दुसऱ्या दिवशी वाचायचा उतारा उघडायचा आणि पेन्सिलीने बारीक रेघा मारायचा. इथे श्वास घ्यायचा. इथे थांबायचं. इथे मान वर करून बघायचं. अर्थाशी त्या रेघांचा फारसा संबंध नसे. मग आरशासमोर एकदा तालीम, की मी परत काचेआड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

स्वयंपाकघरात माझी एक नातलग राहायची, वहिनीची प्रत. वहिनी म्हणजे दादाची बायको, बालवाडी चालवणारी. सगळा मोहल्ला तिला वहिनीच म्हणतो. तिची प्रत छोटी, कागदी पुठ्ठ्याची, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे दुमडलेले. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत आणि नंतर तो निवेपर्यंत वहिनी तिच्यात डोकं घालून बसायची. समासात लिहायची: 'हे कळलं नाही. पुन्हा वाचणे.' 'हे माझ्या सासूबाईंसारखं.' 'हे माझ्यासारखं, अरेरे.' मी काचेतून बघायचो आणि माझ्या सोनेरी कडांची मला लाज वाटायची. खोटं कशाला सांगू, जळायचोच मी तिच्यावर.

आता दादाच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो, म्हणून त्याला मिस्त्री म्हणतात. ऐन विशीत तो कुणाला न सांगता एका सर्कशीबरोबर निघून गेला, त्यांचा जनरेटर सांभाळायला. चार वर्षं पत्ता नाही. इकडे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं, कूस बदलणं, सगळं दादाने केलं; कधी नाक मुरडलं नाही. आणि एका दुपारी धाकटा दारात उभा. महिनोन्महिने न उठलेले वडील काठी टेकत दारापर्यंत गेले, त्याला मिठी मारली, आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. दादा औषधाचा चमचा हातात धरून हे बघत होता. तो चमचा त्याने किती जोरात आपटला ते मी कपाटातून ऐकलंय.

आठ महिन्यांनी वडील गेले. चर्चमध्ये त्यांच्या स्मरणाची उपासना ठेवली होती. पाळकांनी दादाला सांगितलं, "पाठ तुम्हीच निवडा." दादाने बापाची मालमत्ता उधळणाऱ्या मुलाची गोष्ट निवडली. त्या शनिवारी पेन्सिल माझ्या पानात रुतेल इतकी दाबून चालली होती.

रविवारी त्याने वाचलं. 'उधळली' या शब्दावर थांबला, मान वर केली, आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या भावाकडे बघितलं. सगळ्या चर्चने मान वळवून तिकडेच बघितलं. तो मुलगा डुकरं राखायला लागतो तिथवर वाचून दादाने मला फटकन मिटलं. "इथे पाठ संपला," म्हणाला.

धाकटा उठला आणि निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं तो ना त्या चर्चमध्ये आला, ना आमच्या घरी. मला तेव्हा काय वाटलं विचारू नका. माझ्यातल्या गोष्टीचा दगड करून कुणी कुणाला मारला, तर मला कसं वाटेल?

मग दादाचा आवाज बसला. आधी खरखर, मग घोगरा, मग एके दिवशी माईकसमोर नुसतीच हवा. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. "स्वरयंत्रावर गाठी आहेत. साध्याच आहेत, पण सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"सहा पुरतील ना डॉक्टर?" वहिनीने विचारलं. "हवं तर आठ करा."

घरी आल्यावर तिने बालवाडीतली एक पाटी दादापुढे ठेवली आणि म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट!" गेली तीस वर्षं तिला हे त्याला म्हणायचं असावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

पहिला आठवडा दादाने खडूने भांडण्यात घालवला. टीव्हीवरच्या बातम्यांशी, दूधवाल्याशी, पाटीच्या आकाराशी. दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचून संपल्या. तेव्हा कुठे त्याची नजर कपाटाकडे वळली.

सवयीने त्याने मला उघडलं, छाती फुगवली, आणि मग आठवलं की आवाजच नाही. ऐकवणार कुणाला? तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. दोघंही जरा अवघडलोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन स्वयंपाकघरात आला, आणि पाटीवर लिहिलं: 'तू रोज काय करतेस?'

वहिनीने गॅस बारीक केला. "एवढ्या वर्षांत आज विचारलंत! काही विशेष नाही हो. थोडंसंच वाचायचं. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, ते बघायचं. मग विचारायचं, ह्यात मी कोण? आणि एक सांगते, गोष्टीतलं जे माणूस आपल्याला मुळीच आवडत नाही, बहुतेक वेळा तेच आपण असतो."

दादाने भुवया उंचावल्या. बोलता आलं असतं तर वाद घातला असता.

चार-पाच दिवसांनी तो त्या पानावर आला. दाबून मारलेल्या रेघा तिथेच होत्या. डुकरांपर्यंत त्याचे डोळे भरभर गेले. गोष्ट त्याला लहानपणापासून पाठ होती, आणि पाठ होती म्हणूनच त्याने ती कधी वाचली नव्हती. पुढे रेघा नव्हत्या. थांबायची खूण नाही म्हणून तो जातच राहिला. मुलगा घरी येतो. बाप धावत जातो. आणि मग थोरला मुलगा शेतातून येतो, घरातला आनंद ऐकतो, रागावतो, आत यायला नकार देतो. मी इतकी वर्षं राबलो, म्हणतो. मला काय मिळालं, म्हणतो.

दादाचं बोट त्या ओळींवर थांबलं. चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच पान. तिसऱ्या दिवशीही. वहिनी बघत होती, पण तिने एक अक्षर काढलं नाही. बालवाडी चालवणाऱ्या बाईला कधी गप्प बसायचं ते कळतं.

चौथ्या दिवशी पाटीवर उमटलं: 'मिस्त्रीचं दुकान आज उघडं असेल?'

"मिस्त्री जगाचा," वहिनी म्हणाली. "तुमचा भाऊ आहे तो. असेल उघडं. जा."

कापडी पिशवीत पाटी आणि मी, अशी आमची वरात निघाली. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. भिंतीला पट्टे टांगलेले, जमिनीवर तेलाचे डाग, मधोमध एक यंत्र उलटं पाडलेलं आणि त्यावर ओणवा धाकटा, ओठांत दोन स्क्रू धरून. मान वर करून त्याने बघितलं. स्क्रू हातात घेतले.

"वहिनी बरी आहे ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

दादाने मान डोलावली, पाटी काढली, खिसे चाचपले. खडू घरी राहिला होता! तेव्हा त्याने मला बाहेर काढलं, ते पान उघडलं, भावाच्या पुढ्यात धरलं आणि थोरल्या मुलाच्या ओळींवर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर.

धाकट्याने वाचलं. मग वरच्या त्या दाबलेल्या रेघाही बघितल्या. यंत्रावर टेकून बसला आणि बोलायला लागला. सर्कशीत का पळाला ते. घरात सगळं बोलणं दादाच बोलायचा, त्याचं वाक्य कधी पुरं व्हायचंच नाही, ते. परत यायला किती लाज वाटली ते. "आणि ते घड्याळ मी नको म्हणालो होतो, दादा. बाबा म्हणाले, थोरल्याला मी आख्खा मिळालोय, तुला एवढं तरी राहू दे."

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकट्याने तेलकट हाताने ते दाबलं. "गप्प! वहिनीने मला फोन करून सगळं सांगितलंय. बोलायचं नाही. आणि खरं सांगू, जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं पुरं झालंय. जरा मजा घेऊ दे."

मग त्याने खणातून शिंप्याचा निळा खडू काढून दिला. दादाने लिहिलं: 'चुकलो. घरी चल.'

"एवढं यंत्र जोडतो," धाकटा म्हणाला, "बाई न्यायला येतील संध्याकाळी." दादा पाटावर बसून राहिला आणि एकेक स्क्रू हातात देत राहिला. दिवेलागणीच्या आत दोघं घरी आले.

दादाचा आवाज परत आला, पण पूर्वीचा घुमारा गेला. चर्चमध्ये आता पाळीपाळीने वाचन असतं. महिन्यातून एकदा त्याची पाळी येते. त्याचं त्याला फार वाईट वाटत नाही. रोज सकाळी तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी माझ्याबरोबर बसतो, ओठ मिटून. मी आता मुळीच देखणा राहिलो नाही. मुलामा झिजलाय, पाठ उसवली ती धाकट्याने जाड दोऱ्याने शिवली, आणि एका पानावर दादाने जॅम सांडलाय. समासात त्याचं वाकडं अक्षर आहे: 'हे पटत नाही.' 'हे करून बघणे.'

मध्यंतरी दोघा भावांचा वाद रंगला होता, त्या गोष्टीतला थोरला शेवटी घरात गेला की नाही. धाकटा म्हणतो, गेला असणार. दादा म्हणतो, लिहिलेलं नाही, उगाच भर घालू नकोस. वहिनीने दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "त्याचं तो बघेल. तुम्ही आत आलात ना?"

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल, कपाटात नाहीतर उशाशी. त्याला पुसायला फडकं नको, एक पेन्सिल घ्या. घरात ऐकणारं कुणी नसेल अशी वेळ बघा आणि थोडंसंच वाचा. नाही कळलं तर तसं समासात लिहा. आम्हाला राग येत नाही. बरं, येतो मी. दादा चष्मा शोधतोय, आणि तो माझ्याच पानांत अडकलाय.