बाबांचा घसा

परीकथेच्या त्या ऑपेरात टोपल्या विणणारा बाप घरी येतो, तो प्रवेश आता या गायकाच्या नावावरच झाला होता. विंगेतूनच गात यायचं, दोन घोट जास्त झाल्यासारख्या झोकांड्या खायच्या, खाऊने भरलेली टोपली दणकन टेबलावर आदळायची आणि पोरांना हाका मारून घर डोक्यावर घ्यायचं. चार वर्षं लोक पोट धरून हसत होते.

खऱ्या घरी हाच माणूस पाटीवर बोले. आठवड्याला सहा प्रयोग, म्हणून घरात पाऊल टाकलं की घशाला विश्रांती. ‘चहा’, ‘माझे मोजे?’, ‘शाब्बास’, सगळं पेन्सिलीने. चुकून तोंडून हूं निघालं, की बायको ओरडायची, "घसा!" ओरडायची मुभा तिला होती. तिचं पाहून सात वर्षांची लेकही तसंच ओरडायला शिकली होती.

त्या दुपारी लेक पहिल्यांदाच प्रयोगाला आली, तिसऱ्या रांगेत, आईशेजारी. गायकाला एकच हवं होतं. आपला बाप असाही आहे हे तिने पाहावं आणि खुदकन हसावं. म्हणून त्याने नेहमीपेक्षा जास्तच जोर लावला. टोपली अशी आदळली की त्यातले लाकडी बटाटे खाली घरंगळले, आणि मग पोरांना छप्पर उडेल अशी हाक घातली.

तोच तिसऱ्या रांगेतून किंकाळी आली, "बाबा, घसा!"

अख्खं नाट्यगृह हशाने फुटलं. वादकांच्या हातातली वाद्यं थांबली. रंगमंचावरच्या बायकोने हसू लपवायला ॲप्रन तोंडावर घेतला. लेक तेवढी हसत नव्हती. तिच्या बापाने इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं एका दमात उधळलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

मध्यंतरात दिग्दर्शक धावत आला. "काय झकास झालं हो! उद्यापासून रोज ठेवू. ओरडायला एखादी पोरगी बघतो."

संध्याकाळी गायकाने घराची घंटा वाजवली. लेकीने दार उघडलं. डोळे सुजलेले, हातात पुसून लख्ख केलेली पाटी, पेन्सिलीला नवं टोक.

त्याने पाटी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. पहिल्या प्रयोगालाही तो इतका घाबरला नव्हता.

"मी आलो गं, पिल्लू," तो साध्या आवाजात म्हणाला.

बाबा कुणाशी बोलतोय ते बघायला लेकीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.